उसन्या भागांचा ट्युबा : जोड पक्का केला तरी तीच तक्रार परत का येते?

जुन्या ट्युबाला सोसाफोनचा भोंगा बसवला, युफोनियमची स्लाईड घातली, ट्रॉम्बोनचा रोटर चौथा व्हॉल्व्ह म्हणून लावला. (ट्युबा म्हणजे बँडमधलं खर्जाचं मोठं पितळी वाद्य; बाकीची तिन्ही त्याचेच भाऊबंद. स्लाईड म्हणजे आत-बाहेर सरकणारी नळी. व्हॉल्व्ह दाबला की फुंक जादा नळीच्या फेऱ्यातून जाते आणि सूर उतरतो; पिस्टन हा वरखाली सरकणारा व्हॉल्व्ह, रोटर फिरणारा.) पहिल्या दिवशी वाद्य झकास वाजलं. आठवड्याभराने मधलाच एखादा सूर थरथरू लागला, किंवा तिसरा व्हॉल्व्ह एकदा खाली गेला की वर यायचं नाव घेईना. जोड उघडून पुन्हा डाख दिला (वितळलेल्या धातूने सांधला), तेल घातलं, बरं वाटलं. आणि पंधरा दिवसांत ये रे माझ्या मागल्या.

या चक्रात मी दीड वर्ष फिरलो. एकच जोड चार वेळा नव्याने झाळला, दर वेळी आधीपेक्षा जास्त डाख आणि आधीपेक्षा रुंद बांगडी (दोन नळ्यांच्या सांध्यावरचं कडं). चौथ्या वेळी डाख वितळवायचा गॅसचा टॉर्च हातात असतानाच कळलं की त्या जोडाचा काही दोषच नाही. ओढ भलतीकडून येत होती आणि सगळ्यांत अशक्त जागा म्हणून तो बिचारा सुटत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तेव्हापासून बिघाड काय आहे यापेक्षा तो किती वेळाने परततो हे मी आधी लिहून ठेवतो. वहीत दोनच रकाने पुरतात: कोणता सूर कोणत्या बोटांनी बिघडला, आणि शेवटच्या दुरुस्तीनंतर किती वाजवल्यावर. वाजवायला बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्रास सुरू होतो आणि पाणी काढलं की जातो, तर गोष्ट पाण्याची आहे. तेल किंवा ग्रीस लावल्यावर जातो आणि ते उडालं की येतो, तर कुठेतरी हवा निसटते आहे. वाद्य एका जागेहून दुसरीकडे नेलं की येतो, किंवा काही न करता आठवड्या-पंधरवड्याने येतो, तर जोडणीत ताण आहे. आणि तो जातच नाही, फक्त आपल्याला मधूनमधून जास्त खटकतो, तर तो परतणारा बिघाड नव्हेच. नळीचं माप चुकलं आहे आणि टॉर्च कितीही पेटवला तरी फरक पडणार नाही.

एक गैरसमज इथेच बाजूला काढतो. थंड वाद्याचा सूर उतरलेला असतो आणि फुंकेने नळी तापली की चढतो. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की सूर साधारण ३ सेंट चढतो (एका अर्ध्या स्वरात १०० सेंट असतात). ट्युबाची नळी लांब आणि पितळ भरपूर, त्यामुळे तो तापायला वेळ घेतो. पहिल्या दहा मिनिटांत सूर हलला म्हणून कानस उचलू नका.

पाणी

ट्रॉम्बोनवर जी वळणं आडवी असतात ती ट्युबावर बसवली की बहुधा उभी होतात, आणि वळणाचा तळ खाली आला की तिथे पाण्याची मोरी तयार होते. मूळ वाद्यात त्या जागी पाणी साचतच नव्हतं, म्हणून तिथे पाण्याची किल्लीही (पाणी सोडायची छोटी झडप) नसते. सुरुवातीला आवाज नुसता किंचित ओला वाटतो, मग गुरगुर, मग एखादा सूर धरताच हलू लागतो. खर्जात हे जास्त जाणवतं. निदान सोपं आहे: त्रास सुरू झाला की चौथ्या व्हॉल्व्हची स्लाईड काढून उलटी करा. चमचाभर पाणी पडलं आणि सूर सुधारला, तर शोध संपला. वळण फिरवून त्याचं तोंड वरच्या बाजूला करता आलं तर उत्तम; नाही तर सर्वांत खालच्या बिंदूवर किल्ली बसवा.

किल्लीबद्दल एक अनुभव. माझ्याकडे क्लॅरिनेटच्या गाद्या पडून होत्या, म्हणून मी त्यातली एक पाण्याच्या किल्लीला चिकटवली. सुंदर बसली. तीन आठवड्यांत फुगून वाकडी झाली आणि हवा सोडू लागली. त्या गाद्या सतत पाण्यात बसायला केलेल्या नसतात. किल्लीला कॉर्क किंवा रबरच हवं. स्प्रिंगही लहान वाद्याची घेऊ नका. हळू वाजवताना ती किल्ली बंद ठेवते, पण खर्जात जोरात फुंकलं की किल्ली केसभर उचलली जाते आणि तुम्ही दोष भोंग्याला देत बसता. शंका असेल तर वाजवताना किल्ली बोटाने दाबून धरा. सूर सरळ झाला की कळलंच घोडं पेंड कुठे खातं ते.

गळती शोधताना

गळती एकाच सुराला का मारते आणि शेजारच्याला का सोडते, याचं अनेकांना कोडं पडतं. नळीत हवा वाजते तेव्हा प्रत्येक सुरासाठी काही ठिकाणी हवेचा दाब सर्वांत जास्त वरखाली होतो आणि काही ठिकाणी जवळपास स्थिर राहतो. बारीक भोक पहिल्या प्रकारच्या जागी पडलं तर तो सूर कोसळतो; दुसऱ्या प्रकारच्या जागी पडलं तर त्याला पत्ताही लागत नाही. या जागा प्रत्येक सुराला वेगळ्या. त्यामुळे ‘बाकी सगळं ठीक, फक्त हा एक सूर’ ही तक्रार कानाचा भ्रम नसते. तशी तक्रार आली की मी आधी गळतीचाच संशय घेतो.

पण कुठे? व्हॉल्व्ह न दाबता मोकळे सूर खालपासून वरपर्यंत वाजवा. त्यातला एखादा बिघडलेला असेल तर दोष मुख्य वाटेवर आहे: लीडपाईप (तोंडाकडची पहिली नळी), मुख्य स्लाईड, तळाचं वळण, भोंग्याचा जोड. मोकळे सूर सगळे स्वच्छ असतील, तर बिघडलेला सूर पर्यायी बोटांनी वाजवा. पहिला-दुसरा दाबून जो सूर येतो तोच एकट्या तिसऱ्याने येतो. पहिला-तिसरा दाबून येतो तो एकट्या चौथ्याने. एका बोटांनी वाईट आणि दुसऱ्यांनी चांगला, तर ज्या व्हॉल्व्हच्या फेऱ्यात वाईट आहे तिथेच शोधा. यात दहा मिनिटं जातात आणि दहा दिवस वाचतात.

मग प्रत्येक फेऱ्याची परीक्षा. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाईड दोन-तीन सेंमी बाहेर ओढा, थोडं थांबा आणि व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉक’ असा टपोरा आवाज आला तर फेरा हवाबंद आहे. आवाज आलाच नाही, किंवा स्लाईड ओढतानाच हवा सहज आत शिरल्यासारखी वाटली, तर नाही. हीच परीक्षा रोटरवर करता येते. उसन्या रोटरच्या बाबतीत ती करायलाच हवी, कारण झिजलेला रोटर बाहेरून कितीही चकचकीत असला तरी ‘पॉक’ म्हणत नाही.

मुख्य वाटेसाठी मी दोन पद्धती वापरतो. संशयित जोडाभोवती मऊ मळलेल्या मेणाची पट्टी दाबून बसवायची आणि वाजवून बघायचं. सूर सुधारला तर जोड पकडला. नाही तर तेवढा भाग सुटा करून एका तोंडात रबरी बूच बसवायचं, दुसऱ्या तोंडातून रबरी नळीने फुंकायचं आणि भाग पाण्याच्या टबात बुडवायचा. बुडबुडा खोटं बोलत नाही. लीडपाईप दुसऱ्या वाद्याचा असेल तर त्यावर गुलाबी ठिपके आहेत का ते बघा, विशेषतः मधोमध काळपट टोक असलेले. पितळातलं जस्त आतून निघून गेल्याची ती खूण. असा पाईप कितीही झाळला तरी शेजारी नवं भोक पडतं. तो टाकून द्या, जीव लावू नका.

आणि फ्लक्स, म्हणजे डाख धरावा म्हणून आधी लावायचं रसायन. आम्लाचा फ्लक्स वापरून डाख दिला आणि जोड आतून-बाहेरून धुतला नाही, तर काही आठवड्यांत हिरवट फूल धरतं, मग बारीक छिद्र. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून आधी आम्ल मारायचं, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. माझा दुसरा डाख केवळ याच कारणाने गेला, असं आता वाटतं. डाख शिशाचा असेल तर हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, आणि फ्लक्सचा धूर मोकळ्या हवेत जाऊ द्या.

भुणभुण मात्र गळती नव्हे. एकाच सुरावर पत्रा वाजल्यासारखा आवाज येत असेल तर कुठली तरी आधारपट्टी एका बाजूने सुटली आहे, किंवा सोसाफोनच्या भोंग्याचे हाताने फिरवायचे स्क्रू सैल झाले आहेत. दुसऱ्या कुणाला तो सूर वाजवायला सांगा आणि स्वतः एकेक जागा बोटाने दाबत जा.

ताण

इथे थोडा वेळ थांबतो, कारण जोड-ट्युबातल्या परतणाऱ्या तक्रारींत मला सर्वांत जास्त हेच कारण सापडलं आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

उसना भाग जागेवर कधीच तंतोतंत बसत नाही. दोन-तीन मिमी कमी पडतात, किंवा वळणाचा कोन थोडा वेगळा असतो. पितळ लवचीक असतं, हाताने ओढलं की येतं. मग आपण ते ओढून धरतो, तारेने बांधतो आणि डाख देतो. डोळ्यांना जोड सुबक दिसतो. आत मात्र ती नळी दिवसरात्र मागे ओढत बसते. मऊ डाखाला ही ओढ सोसत नाही. शिसं-कथलाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, शिसं नसलेले २२० च्या आसपास. ज्या धातूचा वितळबिंदू इतका खाली, तो घरातल्या तापमानालाही सततच्या ओढीखाली अगदी हळू सरकत राहतो. म्हणूनच जोड पहिल्या दिवशी पक्का असतो, पंधराव्या दिवशी त्यात केसाएवढी फट असते, आणि नवा डाख घातला की पुन्हा पहिला दिवस सुरू होतो. डाख वाढवून उपयोग नाही. ओढ आहे तेवढीच राहते.

ताणाचं दुसरं रूप व्हॉल्व्ह अडकणं. पिस्टन आणि त्याची नळी यांत मोकळी जागा मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते, साध्या कागदाच्या जाडीपेक्षा कमी. बाजूने एखादी नळी ओढत असेल तर पिस्टनची नळी तेवढ्या शतांशांनी लंबगोल होते आणि पिस्टन घासू लागतो. माझ्या ट्युबात चौथ्या रोटरचा फेरा तिसऱ्या व्हॉल्व्हच्या नळीला ओढत होता. मी तेल बदललं, पिस्टन धुतला, स्प्रिंग बदलली, स्प्रिंग ताणून कडक केली. पॉलिश पेपरने पिस्टन घासायच्या बेतात होतो, पण सुदैवाने तो दिवस आळसात गेला. पिस्टन घासू नका. घासलेला पिस्टन परत जाड होत नाही, आणि ताण काढल्यावर तोच पिस्टन सैल होऊन हवा सोडू लागतो.

घरी करायची परीक्षा अशी. वाद्य मांडीवर घ्या, एका हाताने भोंगा हलकेच डावीकडे, मग उजवीकडे, मग मागे रेटा आणि त्याच वेळी अडकणारा पिस्टन दाबून सोडत राहा. कुठल्या तरी दिशेला तो एकदम मोकळा झाला, किंवा जास्त अडकला, तर पिस्टनमध्ये दोष नाही. भोंग्याचा भार व्हॉल्व्हच्या जोडणीवर येतो आहे. ट्युबाचं वजन दहा किलोच्या आसपास, त्यात सोसाफोनचा भोंगा म्हणजे ६०-६५ सेंमी व्यासाची परात लांब दांड्याच्या टोकाला धरल्यासारखी. प्रत्येक वेळी वाद्य उचलताना हा दांडा खालच्या जोडांना पिळतो.

पक्की परीक्षा टॉर्चची. संशयित आधारपट्टी किंवा बांगडी तापवा आणि डाख वितळतो त्या क्षणाकडे नीट बघा. नळी आहे तिथेच राहिली तर ताण नाही. ‘टक्’ करून बाजूला सरकली तर तेवढी ओढ तुम्ही रोज वाजवत होतात. माझी तीन मिमी सरकली आणि तिसरा पिस्टन आपल्या वजनाने खाली पडला. दीड वर्षाचं कोडं असं सुटल्यावर हसावं की रडावं कळेना.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. उसन्या भागाची दोन्ही टोकं आणि त्याच्या सगळ्या आधारपट्ट्या सोडवायच्या. डाख न देता सगळं जागेवर ठेवून बघायचं. हात काढल्यावर भाग तिथेच बसून राहिला पाहिजे. लांबी कमी असेल तर जास्त लांब बांगडी करा किंवा मधे नळीचा तुकडा घाला. जास्त असेल तर कापा. कोन चुकला असेल तर वळणच बदला. नळी तशीच ठेवून ती ओढून आणू नका. बांगडीत प्रत्येक बाजूची नळी मी किमान १२ मिमी आत घेतो, कारण डाख सरळ ओढीला टिकतो पण एका कडेने सोलला जाऊ लागला की लगेच हार मानतो. आधारपट्ट्या सर्वांत शेवटी. पट्टी दोन नळ्यांच्या मधे ढकलून बसवावी लागली तर ती लांब आहे, आणि नळ्या जवळ आणाव्या लागल्या तर आखूड. भोंग्याचा भार बाहेरच्या जाड वळणावर टेकवा. व्हॉल्व्हच्या नळ्यांवर एकही पट्टी नको, मग ती कितीही सोयीची जागा वाटो.

ट्रॉम्बोनच्या पट्ट्या वापरणाऱ्यांसाठी: त्यांच्या टोकाची चपटी पावलं बारीक नळीच्या गोलाईला वाकवलेली असतात. ट्युबाच्या जाड नळीवर ती फक्त कडांवर टेकतात आणि मधे पोकळी राहते. ती पोकळी डाखाने भरलेली दिसते, पण पकड कडेपुरतीच. पाऊल योग्य जाडीच्या लोखंडी दांड्यावर ठेवून लाकडी हातोडीने गोलाई मोठी करून घ्या.

व्हॉल्व्ह मोकळा आहे, तरी आवाज कोंडतो

दुसऱ्या वाद्याच्या टोप्या, नमदे (दाबलेल्या लोकरीच्या चकत्या) किंवा कॉर्क वापरले की पिस्टनची भोकं नळ्यांच्या तोंडासमोर येत नाहीत. एक मिमी वर किंवा खाली राहिलं तरी वाट चंद्रकोरीसारखी कापली जाते. नवे नमदे काही दिवसांत दबतात, म्हणून हा दोषही ‘परतणारा’ वाटतो. स्लाईड काढून छोट्या आरशाने आणि उजेडाने आत बघता येतं, पण त्याहून सोपं म्हणजे बिघडलेला सूर धरून व्हॉल्व्ह हळूहळू थोडा कमी दाबून बघा. पूर्ण दाबण्याच्या जरा आधी आवाज खुलला तर पिस्टन जास्त खाली जातो आहे. बटणाखाली कागदाची चकती घाला, आणि नेमकी जाडी सापडली की तेवढ्या जाडीचा नमदा. रोटरवर मागची टोपी उघडली की खुणा दिसतात. दाबलेल्या आणि सोडलेल्या दोन्ही स्थितींत त्या जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर रबराचा किंवा कॉर्कचा ठोकळा कापून जुळवा.

माप

हे बिघाड नव्हेत, पण बिघाड म्हणून माझ्यापर्यंत येतात.

बीबी-फ्लॅट ट्युबाची (व्हॉल्व्ह न दाबता ज्याचा मूळ सूर बी-फ्लॅट येतो) नळी साधारण ५.५ मीटर. टेनर ट्रॉम्बोन आणि युफोनियम त्याच्या निम्मे, २.७ मीटरच्या आसपास. व्हॉल्व्हचा फेरा वाद्याच्या लांबीच्या प्रमाणात असतो: अर्धा स्वर उतरवायला सुमारे ६ टक्के, पूर्ण स्वराला सव्वाबारा टक्के, दीड स्वराला १९ टक्के आणि चौथ्या व्हॉल्व्हसाठी साडेतेहतीस टक्के लांबी वाढवावी लागते. म्हणजे ट्युबाच्या चौथ्या व्हॉल्व्हला, आतला रस्ता धरून, सुमारे १८४ सेंमी नळी हवी. ट्रॉम्बोनचा एफ-अटॅचमेंट (रोटर आणि त्याचा फेरा) आहे तसा लावला तर मिळते जेमतेम ९० सेंमी, आणि सूर अडीच स्वरांऐवजी सव्वा स्वराच्या थोडं पुढे उतरून भलत्याच जागी थांबतो. रोटर बिघडलेला नाही, नळी निम्मी आहे. याचा एक फायदाही आहे: युफोनियमच्या पहिल्या व्हॉल्व्हचा फेरा ट्युबाच्या दुसऱ्या व्हॉल्व्हला लांबीने जवळजवळ बरोबर बसतो, दोन्ही ३३ सेंमीच्या आसपास. जाडीचा प्रश्न मात्र उरतोच.

तीन व्हॉल्व्हच्या ट्युबावर पहिला-तिसरा दाबून येणारा खालचा सी चढा आणि तिन्ही दाबून येणारा बी नॅचरल त्याहून चढा, ही तक्रारही जोडकामाच्या माथी मारली जाते. ती गणिताची तक्रार आहे. पहिला व्हॉल्व्ह दाबून वाद्य लांब झालं की तिसऱ्याचा फेरा त्या लांब वाद्याला कमी पडतो. बीबी-फ्लॅटवर पहिल्या-तिसऱ्यात सुमारे १३ सेंमी कमी, म्हणजे ३० सेंट चढ. तिन्हीत २४ सेंमी कमी, जवळपास ५३ सेंट. चौथा व्हॉल्व्ह मुळात याचसाठी लावायचा. डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये कॉम्पेन्सेटिंग व्हॉल्व्ह (एकत्र दाबले की कमी पडणारी नळी आपोआप जोडणारे) काढले तेही याच दुखण्यावर. आणि म्हणूनच कॉम्पेन्सेटिंग युफोनियमचा व्हॉल्व्ह-संच उचलताना सावध राहा. त्या पिस्टनांना जादा भोकं आणि जादा नळ्या असतात. त्या उघड्या टाकल्या तर सगळी फुंक तिथून जाते.

जाडीबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात असं माझं मत आहे. कुठलीही स्लाईड बाहेर ओढली की आतल्या नळीच्या टोकाला, पत्र्याच्या जाडीमुळे, व्यासात साधारण एक मिमीची पायरी तयार होते, आणि जगातले सगळे ट्युबा ती पायरी बाळगून सुखाने वाजतात. अडचण येते ती तीन-चार मिमीच्या पायरीने. ट्युबाच्या व्हॉल्व्हची वाट १७.५ ते १९ मिमी, कधी त्याहूनही मोठी. मोठ्या ट्रॉम्बोनची १४ च्या आसपास. १८ ची वाट १४ वर आणून पुन्हा १८ केली की तो फेरा वाजवताना उशीत तोंड खुपसल्यासारखं होतं. तेवढा रोटर वापरायचाच असेल तर व्हॉल्व्हच्या आधी, लीडपाईपच्या बारीक भागात बसवा. तिथली नळी मुळातच अरुंद असते. युफोनियमची मुख्य स्लाईड मी वापरली होती आणि शेवटी काढून टाकली. तिने वाद्य बिघडवलं नव्हतं, नुसतं छोटं केलं होतं.

माउथपीस सैल बसतं, सूर उतरतो, खर्ज डळमळतो असं असेल तर रिसीव्हर (माउथपीस ज्यात बसतं ती नळी) बघा. ट्युबाच्या माउथपीसचे दांडे दोन जाडीचे सर्रास मिळतात, अमेरिकन सुमारे १३ मिमी आणि युरोपियन १४. त्यांचा निमुळतेपणा साधारण वीसास एक, म्हणजे व्यासात पाऊण मिमीचा फरक पडला की दांडा पंधरा मिमी जास्त आत जातो किंवा बाहेर राहतो. लीडपाईप बदलल्यावर पहिली तपासणी हीच.

भोंग्याचं काय

सोसाफोनचा भोंगा ट्युबाला लावणं काही पाप नाही. जे. डब्ल्यू. पेपर यांनी १८९३ मध्ये पहिला सोसाफोन केला तो ट्युबाच्याच कुळातला होता. कापताना मात्र लांबीकडे बघून कापू नका, व्यासाकडे बघा. जुन्या भोंग्याचा आणि नव्याचा घेर ज्या जागी समान आहे तिथे जोड घ्या, आणि लांबीत पडलेला फरक मुख्य स्लाईडच्या पायांत भरून काढा. स्लाईड एक सेंमी ओढली की नळी दोन सेंमी वाढते आणि बीबी-फ्लॅट ट्युबा सुमारे ६ सेंट उतरतो; यावरून किती कापायचं त्याचा हिशेब करता येतो. फरक १५ सेंमीहून जास्त असेल तर थांबा. इतकी सरळ नळी निमुळत्या वाद्यात घातली की सप्तक सप्तकाशी जुळत नाही, आणि तो दोष कुठल्याच स्लाईडने जात नाही.

हे तपासायला ट्युनर घेऊन मोकळे सूर खालून वर वाजवा आणि प्रत्येकाचे सेंट लिहा. खालच्या बी-फ्लॅटला दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या बी-फ्लॅटशी ताडून बघा. पाचवा सूर निसर्गतःच १४ सेंट उतरलेला असतो आणि सातवा ३१, त्यांचा दोष भोंग्यावर ढकलू नका. हे आकडे जुना भोंगा कापण्याआधी लिहिलेले असले तर फार बरं. माझे नव्हते.

माझ्या ट्युबाची आजची स्थिती अशी: फेरा सोडवून, १९ मिमी जास्त लांब बांगडी करून, ताण न देता बसवला त्याला आठ महिने झाले. तिसरा व्हॉल्व्ह अडकलेला नाही. चौथ्या फेऱ्याच्या तळाला किल्ली आहे, कॉर्कची. तिन्ही व्हॉल्व्ह दाबून येणारा बी नॅचरल अजून चढाच आहे, तो मी दुसऱ्या आणि चौथ्याने घेतो. आणि भोंग्याचा एक स्क्रू दर पंधरा दिवसांनी सैल होतो. त्याखाली पातळ चामड्याची चकती घातली आहे, तारीख वहीत आहे.